चालत्या इंजिनावर वाकायचं नाही

आमच्या गाडीला क्लच नव्हता, म्हणूनच ती आमची होती.

आता कामोठ्याला माझ्या नातवाच्या सोसायटीत खाली लावलेल्या निम्म्या गाड्या बिनक्लचच्या असतात. नातू मला कौतुकाने समजावून सांगतो, "आजी, हिला गिअर टाकावे लागत नाहीत, ती आपली आपण टाकते." मी ऐकून घेते. म्हाताऱ्या माणसाने काही गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकाव्या लागतात. नाहीतर नातू ज्याला आपलं नवं कोरं शहर समजतो, तिथे भातखाचरं आणि मिठागरं होती त्या दिवसांत अशीच एक गाडी त्याचा पणजोबा चालवायचा, हे सांगायला मला फार लांबून सुरुवात करावी लागेल.

तर लांबूनच सुरुवात करते. बाबा मोऱ्याच्या लाँचवर इंजिनाचे ड्रायव्हर होते. मोरा ते भाऊचा धक्का आणि परत. तांडेल वर सुकाणू धरून उभा, बाबा खाली इंजिनापाशी, आणि वरून घंटी वाजली की त्या हिशेबाने वेग कमी-जास्त करायचा. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका दुपारी चालू इंजिनातलं तेल बघायला ते वाकले आणि लेंग्याचा पाय फिरत्या चाकात गेला. डावा पाय राहिला, पण नुसता उभं राहण्यापुरता. त्याच्यात जोर म्हणून उरला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक कायदा झाला. "चालत्या इंजनावर वाकाचा नाय." बाबा हे लाँचवरच्या पोरांना सांगायचे, मला सांगायचे, आणि शिवणयंत्र चालवणाऱ्या आईलासुद्धा सांगायचे. आई म्हणायची, "माझ्या यंत्राला इंजन कुठं हाय?" पण बाबांना त्यात गंमत वाटायची नाही. ते आधी यंत्राकडे आणि मग आपल्या पायाकडे बघायचे.

लाँच सुटली तशी बाबांची सगळी ऐटच गेली. सहा-सात वर्षं त्यांनी जाळी विणली, होड्यांची इंजिनं बसल्या जागी दुरुस्त करून दिली. मग उरणच्या समुद्रकाठी ज्यांचा बंगला होता, त्या एका मुंबईच्या शेठनी त्यांना बोलावणं पाठवलं. शेठची होडी बाबाच सांभाळायचे. शेठकडे एक अमेरिकेची जुनी गाडी होती, लांबीला आमच्या ओटीपेक्षा दोन हात जास्तच. पेट्रोल फार पिते म्हणून त्यांनी तिचं इंजिन काढून मुंबईच्या कुठल्याशा गॅरेजात डिझेलचं बसवून घेतलं होतं. ते इतकं धडधडायचं, की शेठाणींनी पहिल्याच फेरीनंतर तिच्यात बसायचं सोडलं. गाडी बंगल्यात नुसती पडून होती. शेठ बाबांना म्हणाले, "हिला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, नुसता उजवा पाय लागतो. तुमच्यासाठीच जन्माला आली आहे, घेऊन जा."

बाबा ती गाडी घेऊन उरणच्या कोळीवाड्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा लाँचवरच्या दिवसांसारखा पाहिला. तिचा टॅक्सीचा परवाना झाला. सकाळी मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची माणसं घ्यायची आणि पनवेलला सोडायची, संध्याकाळी उलटं. पुढे शेजारी भिक्षुक किंवा मास्तर, मागे मासळीवाल्या, आणि डिकीत त्यांच्या पाट्या. गाडीला इतका वास असायचा की पनवेलच्या स्टँडवरची कुत्री तिला लांबून ओळखायची.

मी तोवर मॅट्रिक होऊन जासईच्या शाळेत मास्तरीण झाले होते. रोज सकाळी बाबांच्या शेजारी बसून शाळेपर्यंत जायची. त्यामुळे त्या गाडीचे गिअर मला पाठीने कळायचे. पहिल्यावरून दुसरा पडताना पाठ सीटला हलकेच टेकायची, तिसऱ्याला तेवढंही नाही. दोन वर्षं सगळं असं छान चाललं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गाडीने नखरे सुरू केले. आधी दुसरा गिअर उशिरा पडू लागला. इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी तिथल्या तिथेच. बाबा पाय उचलायचे, परत दाबायचे, आणि मग एकदम असा दणका देऊन गिअर पडायचा, की मागच्या बायका एकमेकींच्या अंगावर. त्या बायकांच्या तोंडाला कोण लागणार? "डायवर, ही गाडी हाय का होडी?" एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "होडी बरी गो, तिला निदान वल्हवता तरी येतंय." बाबा हसायचे नाहीत. चढावर तर माणसं खाली उतरवायची वेळ येऊ लागली. एकदा मीच शाळेच्या अलीकडे माझ्याच विद्यार्थ्यांदेखत गाडी ढकलली. त्या दिवशी वर्गात शिस्त म्हणून राहिली नाही.

पनवेलला एक म्हातारे मिस्त्री होते. अशा आपोआप गिअरच्या गाड्या त्यांनी मुंबईत गोऱ्या साहेबांकडे हाताळल्या होत्या. बाबांनी गाडी त्यांना दाखवली. मिस्त्रींनी इंजिनावरचं झाकण उघडून बाबांना समजावलं, की पाय किती दाबलाय हे गिअरबॉक्सला कळायला हवं, त्यासाठी पायाच्या पट्टीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक सळई जाते. डिझेल इंजिन बसवताना गॅरेजवाल्यांनी ती सळई हाताने ठोकून कशीबशी बनवली होती, आणि तिचा सांधा झिजला होता. त्यांनी सांधा बदलला, सळईची लांबी जुळवली, गिअरबॉक्सचं तेल कमी वाटलं म्हणून वर घातलं. तेल बघायची काठीही बाबांना दाखवली. इंजिनाच्या काठीमागे, पार आत, ही दुसरी काठी आहे हे बाबांना दोन वर्षांत ठाऊकच नव्हतं. "इसका तेल बघत चला, ड्रायव्हरसाहेब," मिस्त्री म्हणाले.

त्या संध्याकाळी गाडी लोण्यासारखी आली. दुसऱ्या दिवशी परत तेच बोंबलणं.

बाबा पुन्हा पनवेलला गेले. या वेळी मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या आतले पट्टे बाहेरच्या स्क्रूने आवळले. तेल परत कमी होतं, ते भरलं. गाडीखाली कागद पसरून गळतंय का पाहिलं. कागद कोरडा. संध्याकाळी गाडी झकास, सकाळी परत पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या खेपेलाही तेच. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले आणि म्हणाले, "गळती नाही, धूर नाही. तेल जाता किधर है?" बाबा घरी येऊन आईला वेगळंच सांगायचे. "मिस्त्री लबाड हाय. तेल नको तवढा वततंय. मी सकालचा बघतो तर काठीवर निशानीच्या वर दोन बोटं तेल." लाँचच्या माणसाला इंजिनात जास्त तेल म्हणजे पाप. जास्त तेलाने सील फाटतात, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून ते सकाळी गाडी चालू करायच्या आधी खाली सरकून तळाचा बोल्ट सैल करायचे आणि जास्तीचं तेल काढून वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात साठवून ठेवायचे.

ते तेल लाल होतं, कोकमाच्या आगळासारखं. आईने एकदा ओटीच्या कोपऱ्यातला तो डबा बांगड्यांच्या कालवणावर कलता केला होता, मी हात धरला म्हणून आम्ही वाचलो. डबे तीन झाले होते. आम्ही तिघंही रोज त्यांना ओलांडून जायचो.

तिसऱ्या खेपेनंतर मिस्त्रींनी हात टेकले. ते म्हणाले, हा गिअरबॉक्स आता उघडावा लागेल, याचे भाग इथे मिळायचे नाहीत. त्यापेक्षा साधा गिअरबॉक्स बसवून देतो, क्लचवाला. पुढच्या सोमवारी गाडी आणून सोडा.

बाबांनी हे घरी सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. क्लच म्हणजे डावा पाय. मग आईनेच विषय मार्गी लावला. तिला घर चालवायचं होतं, तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. ती म्हणाली, "माझा भाऊस चालवील. तुमी शेजारी बसा, गिऱ्हाइकाशी बोला. पोरीच्या लग्नात पन मामाच चालवील, त्यात काय?" बाबांनी ताटातला भात चिवडला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. मी उजाडायच्या सुमाराला उठून ओटीवर आले तर बाबा भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांनी समोरच्या खांबाला पाटा उभा टेकवला होता आणि त्याच्यावर डावा पाय दाबत होते. दाबायचा, दोन-तीन श्वास धरायचा, हळूच सोडायचा. क्लच जसा दाबतात तसा. तिसऱ्या वेळेला पाय थरथरून पाट्यावरून घसरला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून परत जागेवर ठेवला. मी आहे हे त्यांना कळलं नाही. मी पाठीमागे आत सरकले आणि चुलीपाशी जाऊन रडले. मग मला राग आला. कुणाचा ते कळेना, म्हणून मी तो गाडीवर काढायचं ठरवलं.

राग आला की माझं डोकं बरं चालतं. शाळेत अर्धा वेळ मी गणिताच्या तासाला हेच गणित घातलं. गाडी पनवेलहून येते तेव्हा बरी असते. सकाळी बिघडते. मधल्या वेळात ती आमच्या अंगणात नुसती उभी असते, तिला कोण हात लावतं? फक्त बाबा. आणि ते काय करतात? तेल काढतात. मिस्त्री म्हणतात तेल कमी, बाबा म्हणतात जास्त, दोघंही त्याच काठीवर बघून बोलतात. दोघंही खोटं बोलणारे नव्हते. मिस्त्रींना लबाड म्हणायचा बाबांना हक्क असेल, मला तरी तसं वाटेना.

दुपारी घरी आल्यावर मी गाडीचा पुढचा खण उपसला. शेठाणींचा एक मोडका पंखा होता, आणि गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक. बाबा त्याच्या पुठ्ठ्यावर तंबाखू मळायचे, त्यामुळे पुठ्ठा पिवळाजर्द. माझं इंग्रजी मॅट्रिकला कसंबसं काठावर आलेलं. डिक्शनरी घेऊन मी ओटीवर बसले. पान शोधायलाच तास गेला, समजायला आणखी एक. पण वाक्य सरळ होतं. गिअरबॉक्सचं तेल गाडी तापल्यावर, गिअरचा दांडा मोकळ्यावर ठेवून, इंजिन चालू असताना बघावं. बंद गाडीत वरचं तेल खाली उतरून बसतं आणि काठी जास्त दाखवते.

इंजिन चालू असताना. मी ते तीनदा वाचलं.

मिस्त्रींनी ते सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. आणि सांगितलं असतं तरी बाबांनी केलं नसतं. आमच्या घरात कायदा होता.

बाबा मोऱ्याची फेरी करून संध्याकाळी आले. गाडी उभी करून ते किल्ली फिरवणार, तोच मी म्हणाले, "बाबा, बंद नका करू." मी पुस्तक वाचून दाखवलं, एकेक शब्द मराठीत करून. ते खिडकीतून ऐकत होते, इंजिन धडधडत होतं, त्यामुळे मला ओरडून वाचावं लागत होतं आणि शेजारणी दारात आल्या होत्या.

बाबा म्हणाले, "छापनाऱ्याची चूक असंल."

"मग मी बघते," मी म्हणाले आणि पुढे झाले.

"बाय." त्यांचा आवाज असा मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "तू नाय वाकाचा."

ते खाली उतरले. तोवर मी झाकण उघडलं होतं. आत पंखा फिरत होता, नुसतं धुरकट वर्तुळ दिसत होतं. काठी त्या पंख्यापासून हातभर आत. बाबा तिथे उभे राहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते. माझ्या मनात आलं, आपण हे काय केलं. गाडी गेली तर गेली, मामा चालवील, पण या माणसाला पुन्हा त्या जागी उभं करायला नको होतं.

मी म्हणाले, "बाबा, राहू द्या. बंद करते."

त्यांनी मानेने नाही म्हटलं. खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडे दिला. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, लेंग्याचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत खोचले. मग सदऱ्याचं मागचं टोक ओढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "घट धर. मी पुढं गेलो तर वढ."

मी दोन्ही मुठींत सदरा धरला. ते वाकले. त्यांची पाठ थरथरत होती, ते माझ्या मुठींना कळत होतं. हात आत गेला, काठी निघाली, पुसली, परत गेली, परत निघाली. ते सरळ झाले आणि काठी उजेडाकडे धरून बघत राहिले.

"कोरडी हाय," ते म्हणाले. "टोकाला पन तेल नाय."

मी धावत जाऊन ओटीवरचे डबे आणले. आईने जुन्या पातळाचं फडकं दिलं, आम्ही तेल गाळलं आणि बाबांनी चालत्या इंजिनावर वाकूनच, नरसाळ्याने, थोडं थोडं करून ओतलं. मध्ये मध्ये काठी बघायची. मी सदरा सोडला नाही. निशाणीपर्यंत पोहोचायला दोन डबे आणि तिसऱ्याचा निम्मा लागला. एवढं तेल त्यांनी स्वतःच्या हाताने काढलं होतं, रोज पहाटे, काळजीने.

मग आम्ही दोघंच मोऱ्याच्या रस्त्याने एक चक्कर मारून आलो. माझी पाठ सीटला हलकेच टेकली, थोड्या वेळाने परत. बाबांनी डावा पाय हाताने उचलून आरामात पुढे पसरला, तिथे क्लच असता तर जागा झाली नसती.

सोमवारी ते ठरल्याप्रमाणे पनवेलला गेले, पण गाडी सोडायला नाही. मिस्त्रींना ताजा रावस नेऊन दिला आणि सांगितलं की मी तुमाला लबाड बोललो. मिस्त्रींना हे माहीतच नव्हतं. ते म्हणे इतके हसले, की मागच्या बायकांनाही हसू आलं, आणि मग ती हकिकत लाँचवर, बाजारात, सगळीकडे झाली. पुढचे दोन महिने बाबांना कुणी ना कुणी विचारायचं, "डायवर, आज किती तेल काढला?"

कायदा मात्र मोडला नाही, त्याला फक्त पुरवणी जोडली गेली. दर रविवारी सकाळी गाडी तापवून आणायची, अंगणात चालू ठेवायची, आणि बाबा हाक मारायचे, "बाय, सदरा." मी हातातलं काम टाकून यायची. नंतर त्यांची भीती गेली असावी, कारण पाठ थरथरायची थांबली. तरी सदरा धरल्याशिवाय ते वाकायचे नाहीत आणि मीही 'आता कशाला धरू' असं म्हटलं नसतं. आई म्हणायची, बापलेकीचं हे एक नवीनच व्रत झालंय.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. सासर भायखळ्याला. वऱ्हाड दुपारच्या लाँचने जाणार होतं. मामा नवा सदरा घालून तयार होता, पण गाडी बाबाच चालवणार हे कुणी बोललंसुद्धा नाही. मागे मी, माझे यजमान आणि करवली. पुढे बाबांच्या शेजारी आहेराची पेटी. गिअर एकामागून एक असे पडले, की मला रडताना त्यांचा पत्ताही लागला नाही.

मोरा यायच्या थोडं आधी, मिठागरांच्या कडेला, बाबांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच. खाली उतरून त्यांनी झाकण उघडलं. यजमान घाबरून म्हणाले, "बिघाड झाला का?" त्या दिवशी रविवार होता आणि तेल आम्ही सकाळीच, हळद उतरवायच्या आधी, बघितलं होतं. निशाणीला बरोबर होतं.

मी शालू सावरत उतरले आणि पुढे गेले. बाबांनी मागे न बघता सदऱ्याचं टोक हातात दिलं. मी हिरव्या चुड्याच्या हातांनी ते घट्ट धरलं. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. धक्क्यावर लाँचची घंटी झाली तरी सरळ होईनात. त्यांची पाठ पहिल्या दिवसासारखी थरथरत होती आणि काठी तर त्यांनी बाहेर काढलीच नव्हती.